धर्म बदलला, माणूस कोणाचा?

जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. शिवनेरीच्या कड्यात इरिल नावाच्या माणसाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली, चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला आणि मानमोडीच्या डोंगरात चंद नावाच्या तिसऱ्याने एका चैत्यगृहाचं दर्शनी काम करवून घेतलं. तिघांचेही लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. दान तिघांनीही बौद्ध संघालाच दिलं. आणि तिघांनीही आपल्या नावाआधी एकच ओळख कोरून ठेवली आहे: यवन.

कोकणातल्या बंदरांत उतरून नाणेघाटाने वर आलेल्या, पश्चिमेकडच्या मुलखातल्या लोकांपैकी हे असावेत. धर्म त्यांनी इथला घेतला, लेख इथल्या भाषेत लिहवला, दान द्यायची रीतही इथलीच पाळली. पण आपण यवन आहोत हे झाकावंसं त्यांना वाटलं नाही, आणि दान घेणाऱ्या भिक्षूंनीही ते पुसायला लावलं नाही. मानमोडीतच महाक्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. चाकरी शक राजाची, दान बौद्ध संघाला, आणि आपलं गोत्र मात्र तो वत्स असं सांगतो. एवढ्या ओळखी एका माणसात सुखाने नांदू शकत होत्या, आणि त्याही आपल्या या जुन्नरात.

एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीतल्या लेण्यांचे हे लेख लावायची खटपट करणाऱ्यांत स्कॉटलंडहून आलेले दोन मिशनरी होते, जॉन स्टीव्हन्सन आणि मुंबईचे डॉ. जॉन विल्सन. त्याच शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीचं एक ठाणं जुन्नरलाही होतं. बाहेरून आलेली माणसं इथल्या धर्मात कशी सामावली याचा पुरावा हे विद्वान पाद्री दगडावर वाचत होते. आणि त्याच वर्षांत त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेणाऱ्या मराठी तरुणांना घरचे, जातीचे, गावचे लोक विचारत होते की आता तू कोणाचा? हा प्रश्न चीनमध्येही विचारला गेला, आणि तिथे तो आजही धगधगतो आहे. दोन्हीकडची कथा शेजारी ठेवली की आपल्याकडे काय घडलं ते मला जास्त स्पष्ट दिसतं, म्हणून चीनकडे एकदा वळून येतो.

ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू सातव्या शतकात, पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसं मानी, उपकाराची जाण ठेवणारी आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय न राहणारी आहेत, असं त्याने नोंदवलं. तो भारतात फिरत असतानाच, इ.स. ६३५ मध्ये, त्याच्या देशाच्या राजधानीत, चांगआनला, अलोपेन नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू सीरियाई परंपरेचे ग्रंथ घेऊन पोचला. म्हणजे चीनचा एक भिक्षू बुद्धाचा धर्म मुळातून शिकायला आपल्याकडे आलेला, आणि त्याच्या मागे त्याच्या गावी येशूचा धर्म येऊन थडकलेला. त्या ख्रिस्ती मंडळींनी ७८१ साली उभारलेला शिलास्तंभ आजही शीआनमध्ये आहे. त्यावरचा मजकूर बौद्ध आणि ताओ परंपरेतल्या शब्दांनी भरलेला आहे. पुढे ८४५ मध्ये सम्राटाने परके धर्म म्हणून बौद्ध मठांवर घाला घातला, त्यात हे ख्रिस्तीही भरडले गेले. बौद्ध धर्म त्यातून तगला, कारण तोवर तो चिनी घरांत, अंत्यविधींत, चित्रांत, गाण्यांत मुरला होता. ख्रिस्ती धर्म मात्र मुख्यतः परदेशी व्यापाऱ्यांचा आणि मठवासीयांचा राहिला होता, आणि तो जवळजवळ नाहीसा झाला.

दुसऱ्यांदा तो चीनमध्ये रुजायला लागला त्याचा एक धागा आपल्या गोव्यातून जातो. मत्तेओ रिची हा इटालियन जेझुइट १५७८ मध्ये गोव्यात उतरला. पुढच्याच वर्षी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट तिथे आला. रिची १५८२ मध्ये चीनच्या वाटेला लागेपर्यंत दोघेही एकाच संघाच्या एकाच प्रांतात होते. गोव्यातल्या देशी विद्यार्थ्यांना वरचं धर्मशिक्षण नाकारलं जातं, याबद्दल तरुण रिचीने १५८१ मध्ये रोमला पत्र लिहून नाराजी कळवली होती. चीनला गेल्यावर त्याने आधी बौद्ध भिक्षूचा वेश घेतला. पण तिथे मान पंडितांना आहे हे कळल्यावर १५९५ पासून कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या विद्वानाची वस्त्रं घातली, चिनी अभिजात ग्रंथ आत्मसात केले आणि पूर्वजांपुढे उदबत्ती लावणं हा कुटुंबाचा शिष्टाचार आहे, त्याने ख्रिस्तभक्तीला बाध येत नाही, अशी भूमिका घेतली. इकडे स्टीफन्सने साष्टीत राहून मराठी अशी आत्मसात केली की १६१६ मध्ये राशोल इथे छापलेलं त्याचं ख्रिस्तपुराण सुमारे अकरा हजार ओव्यांचं झालं. गोव्यातले नवे ख्रिस्ती देवळात पुराण ऐकत वाढलेले होते. त्यांच्या कानाला सवयीचा छंद त्याने त्यांना परत दिला.

दोघांच्या वाटेवर पुढे वरूनच नांगर फिरला. पूर्वजपूजेच्या वादात १७१५ मध्ये पोपने चिनी विधींवर बंदी घातली आणि १७४२ मध्ये त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं. ख्रिस्ती धर्माला १६९२ मध्ये मोकळीक देणारा कांगशी बादशहा या बंदीने इतका दुखावला की त्याने धर्मप्रसारच थांबवायचं ठरवलं. गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांतल्या देशी चालीरीतींवर लांबलचक मनाईहुकूम काढला. लग्नातल्या ओव्या, विड्याची देवघेव, अंगणातली तुळस, सगळं त्यात आलं. रिचीच्या बाजूने निर्णय व्हायला १९३९ उजाडावं लागलं. दोनशे वर्षं एखाद्या चिनी ख्रिस्ती माणसाला आईवडिलांच्या नावाने उदबत्ती लावायची चोरी होती. धर्माने माणसाकडून मागावी अशी ही गोष्ट नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

देशावरची कथा वेगळ्या काळात आणि वेगळ्या पंथाच्या हातून सुरू झाली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. १८३१ मध्ये त्यांचं ठाणं अहमदनगरला झालं. तिथून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागलं, आणि त्याच दशकात शिरूरलाही मिशनचं काम उभं राहिलं. आंबेगावच्या डोंगरांत उगम पावलेली घोड नदी जिथे पोचते ते हे शिरूर. नदीच्या नावावरून लोक त्या गावालाच घोडनदी म्हणतात. जुन्नरच्या पश्चिमेकडून येणारी कुकडीही पुढे त्याच घोडेला मिळते. 'ज्ञानोदय' निघाला त्याच साली पहिल्या अफूयुद्धात हरलेल्या चीनने नानजिंगचा तह केला. त्या तहाने बंदरं उघडली, आणि पाठोपाठच्या तहांनी मिशनऱ्यांना मोकळीक मिळाली. मुंबईच्या धक्क्यावरून माळव्याची अफू जायची ती त्याच चीनला. चिनी माणसाच्या मनात बायबल आणि तोफ यांची सांगड तेव्हाच बसली. इथे मराठी राज्य १८१८ मध्ये बुडालेलं होतं, साहेबाचं राज्य आणि साहेबाचा धर्म एकत्रच दिसत होते. तरीही आपल्याकडचा पहिला मोठा स्फोट राष्ट्राच्या नावावर झाला नाही. तो झाला जातीवरून.

१८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा. तोही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला, पण त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि न्यायमूर्ती एर्स्किन पेरी यांनी मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. खटला वडिलांनी जिंकला, पण मुलगा घरी आल्यावर खरा पेच पुढे आला. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, तिथलं अन्न त्याच्या पोटात गेलं होतं. त्याला जातीत परत घ्यायचं की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर ठामपणे मुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावं, असा त्यांचा आग्रह होता. सनातनी मंडळींनी विरोध केला आणि मुंबईच्या ब्राह्मणसमाजात तट पडले.

या प्रकरणात मला सगळ्यात बोलकी वाटते ती गोष्ट अशी: त्या मुलाची श्रद्धा काय आहे, हे कोणी फारसं विचारलंच नाही. त्याने कोणाच्या हातचं खाल्लं, एवढ्यावर तो आपला की परका हे ठरत होतं. चीनमध्ये ख्रिस्ती झालेल्याला तू पूर्वजांना नमस्कार करतोस का, असं विचारत. इथे विचारत होते, पंगत कोणती. बाप्तिस्म्याने वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० मध्ये कायदा झाला खरा, पण पंक्तीवर कोणताही कायदा पोचत नव्हता.

मोठा भाऊ नारायण पाद्री झाला. जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत त्याने उभी केली, आणि तिथे राहायला आले ते बहुतांशी मांग आणि महार. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्ती परिषदेसाठी गेला तेव्हाही त्याच्या डोक्यावर पागोटं होतं. ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस मांगांच्या वस्तीत घर करून राहतो, हे त्याच्या पागोट्याइतकंच लक्षात ठेवण्यासारखं आहे. किंबहुना जास्तच.

कारण मराठी ख्रिस्ती समाजाची ओळख हा विषय निघाला की आपण लगेच ना. वा. टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी, नीळकंठशास्त्री गोरे यांची नावं घेतो. थोर माणसं होती, त्यात वाद नाही. पण नगर, शिरूर, राहुरी, वडाळा या बाजूला ज्यांनी वस्तीच्या वस्तीने हा धर्म स्वीकारला ती माणसं गावकुसाबाहेरची होती. 'तू आपली संस्कृती सोडलीस' हा आरोप त्यांच्यावर करायचा तर आधी त्या संस्कृतीत त्यांना काय वाट्याला आलं होतं ते मोजावं लागेल. देवळात प्रवेश नाही, विहिरीवर घागर बुडवायची सोय नाही, मेलेलं ढोर ओढायचं आणि बलुत्याच्या भाकरीसाठी दारोदार उभं राहायचं. १८५५ मध्ये पुण्यात फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. वेद जर ब्राह्मणांचे, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, आणि मग आमचा धर्म तरी कोणता, असा थेट सवाल तिने त्यात केला. ती काही ख्रिस्ती झाली नव्हती. पण तिचा निबंध छापला गेला तो 'ज्ञानोदय'मध्ये.

चीनमध्ये मिशनच्या तांदळासाठी ख्रिस्ती झालेला म्हणून हिणवत, आपल्याकडे 'पोटासाठी बाटला' म्हणत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगरच्या बाजूला ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली हे खरंच आहे. पण भुकेच्या दिवसांत कोण दाराशी आलं, एवढी साधी गोष्ट माणसाने लक्षात ठेवली तर त्याला लबाड म्हणण्याचा अधिकार जेवून तृप्त झालेल्यांना नाही. शिवाय बाप्तिस्म्याने गाव सुटत नव्हतं. तोच महारवाडा, तोच पाटील, तीच विहीर. ख्रिस्ती झालेल्याने गावकीची कामं करायची का, आणि नाही केली तर बलुतं मिळायचं का, ही भांडणं होतच राहिली. आणि चर्चच्या आतही जात शिरली. एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेताना महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातलं जुनं अंतर कळत होतं, आणि उच्चवर्णीय ख्रिस्ती कुटुंबांची सोयरीक बहुधा आपल्यासारख्यांतच होत होती.

आता रमाबाईंकडे येऊ, कारण साहेबाच्या घरात राहून साहेबाला नाही म्हणण्याचं धैर्य त्यांच्याइतकं कोणी दाखवलेलं मला माहीत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना आजही मान ताठ होते. रमाबाई मांस खात नाहीत, अंडं घातलेला पदार्थही टाळतात, हे जातीच्या अहंकाराचं लक्षण आहे असं जेराल्डीनबाईंना वाटे. खाण्यापिण्यात आणि राहणीत मी हिंदूच आहे, आणि अंतःकरणाला बाधत नाहीत तेवढ्या वाडवडिलांच्या रीती मी पाळीन, अशा आशयाचं रमाबाईंचं उत्तर होतं. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं असायला त्यांनी हरकत घेतली. लॅटिन जर पवित्र, तर संस्कृत का नाही, आणि माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन काय कळणार? चर्चची अधिकाराची उतरंडही त्यांनी निमूट मानली नाही.

इकडे आल्यावर त्यांना दुसऱ्या बाजूचा मार बसला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन पुढे पुण्याला आलं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला आपणहून बसतात हे कळल्यावर १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं, 'केसरी'ने झोड उठवली आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. इंग्लंडला त्या फार हिंदू वाटल्या, पुण्याला फार ख्रिस्ती. रमाबाई आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला गेल्या, दुष्काळातल्या मुली-बायकांना आणून त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि आश्रमातल्या स्त्रियांच्या हातून ते छापवून घेतलं. साध्या, खेड्यातल्या बाईला समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. रूढ धर्मशब्दांमध्ये शिरलेला हिंदू तत्त्वज्ञानाचा रंग त्यांनी मुद्दाम टाळला. शाकाहार आणि संस्कृतचा अभिमान जपणारी हीच बाई भाषांतरात मात्र जुन्या धर्मशब्दांपासून दूर राहिली. तिची ओळख कुठल्याही एका बाजूला ओढून नेता येत नाही.

नारायण वामन टिळकांनी बरोबर उलट केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा ते तिशी ओलांडलेले, कवी म्हणून नाव झालेले, कोकणातले चित्पावन ब्राह्मण. घरादाराने आकांत केला. पत्नी लक्ष्मीबाई जवळपास पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं काही काळ टिकून होतं. माणसाने केलेले भेद देवाचे कसे असतील, याचा त्यांनी स्वतःच्या बुद्धीने निकाल लावला आणि सोवळं सोडलं, त्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सगळं आहे. ज्यांना धर्मांतर म्हणजे एका रात्रीत होणारी फसवणूक वाटते त्यांनी ते पुस्तक सावकाश वाचावं. त्याच १९०० साली उत्तर चीनमध्ये बॉक्सर बंडखोरांनी हजारो चिनी ख्रिस्ती माणसं परकीयांचे हस्तक म्हणून मारून टाकली. आपल्याकडे बहिष्कार होता, शिव्याशाप होते, फार तर मारहाण होती. तेवढा फरक मान्य करायलाच हवा.

टिळकांना नगरच्या चर्चमध्ये जे ऐकू आलं ते त्यांना सोसलं नाही. इंग्रजी चालीत बसवलेली मराठी गीतं, पेटीच्या सुरावर. त्यांच्याआधी कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली होती, हे इथे सांगायलाच हवं, कारण ते नाव मागे पडतं. टिळकांनी त्या वाटेवर अभंग, ओवी, भजन, कीर्तन यांचा पूरच आणला. आपण तुकारामाच्या पुलावरून येशूपर्यंत आलो, असं ते सांगत. ब्राह्मण टिळकांनी वेदान्त सोडून देहूच्या वाण्याचा हात धरला, ही निवड फार मोठी होती. वारकऱ्यांचा अभंग हा मराठी मुलखातला असा एकच आवाज होता जो चोखोबाच्या तोंडातही होता आणि ज्ञानोबाच्या तोंडातही. संस्कृतातली स्तोत्रं रचली असती तर महारवाड्यातल्या ख्रिस्ती बाईला ती लॅटिनइतकीच परकी वाटली असती. अभंग तिचा होता. जात्यावर, दिंडीत, एकतारीवर तिने तो लहानपणापासून ऐकलेला. म्हणून 'उपासना संगीत'मधली टिळकांची पदं आजही नगरच्या आणि शिरूरच्या चर्चमध्ये टाळ-मृदंगावर उभी राहतात.

पण चाल मराठी झाली म्हणून चर्च मराठी होत नाही, हेही टिळकांनी ओळखलं. पगार अमेरिकेतून येतो, निर्णय मिशनच्या बैठकीत होतात, आणि देशी पाद्री कितीही मोठा झाला तरी त्याचं स्थान नोकराचं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. येशूला गुरू मानणारा कोणीही त्यात येऊ शकत होता, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. बाप्तिस्म्याची पायरीच वगळल्याने मिशनरी धास्तावले. देशी ख्रिस्त्यांतले पुष्कळजणही बिचकले, आणि त्यांचं बिचकणं मला समजतं. ज्या महार कुटुंबाने बाप्तिस्म्यासाठी गावाचा रोष पत्करला त्याला, तो नसला तरी चालतं, हे ऐकून काय वाटलं असेल? टिळकांना काम करायला वेळही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही.

तेव्हा चीनमध्ये हेच प्रश्न पेटत होते. १९१० च्या एडिंबरा इथल्या मिशनरी परिषदेत चेंग चिंग-यी या तरुण चिनी प्रतिनिधीने, तुमचे पाश्चात्त्य पंथभेद आम्हाला नकोत, आम्हाला एक चिनी चर्च हवं, असं मिळालेल्या सात मिनिटांत सांगून टाकलं. १९२२ मध्ये विद्यार्थ्यांची ख्रिस्तविरोधी चळवळ उभी राहिली, आणि एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी कमी झाला, अशी घोषणा लोकांच्या तोंडी बसली. तिथल्या विचारवंत ख्रिस्त्यांना ती फार जिव्हारी लागली. झाओ झिचेन या कवी-धर्मपंडिताने १९३१ मध्ये ब्लिस वायंट या अमेरिकन संगीतज्ञाबरोबर चिनी लोकसुरांवर भजनं बांधली. टिळकांचं नाव त्यांनी ऐकलं होतं की नाही, यापेक्षा गरज सारखी होती हे महत्त्वाचं.

पुढे मात्र वाटा फुटल्या. १९४९ नंतर परदेशी मिशनऱ्यांना चीन सोडावा लागला आणि १९५४ मध्ये स्वतःचा कारभार, स्वतःचा पैसा, स्वतःचा प्रचार या तीन तत्त्वांवरची सरकारमान्य चळवळ रीतसर उभी राहिली. कागदावर ती अगदी टिळकांची मागणी वाटावी. पण टिळकांनी ती स्वतःचा पगार सोडून केली होती, आणि तिथे ती सत्तेने केली. जे त्या छत्राखाली गेले नाहीत ते घराघरांत लपून उपासना करू लागले. गेल्या दहा वर्षांत धर्माच्या 'चिनीकरणा'चा आग्रह वाढला, चर्चवरचे क्रूस उतरवले गेले. संस्कृती जपण्याचा हुकूम वरून निघाला की ती कोणाची संस्कृती हे विचारायची मुभाच उरत नाही. गोव्यातल्या १७३६ च्या मनाईहुकुमाने तुळस उपटली, चीनच्या हुकुमाने क्रूस उतरवला. दोन्हीकडे हात घातला तो माणसाच्या अंगणातच.

आपल्याकडे हुकूम निघाला नाही, पण एक यादी निघाली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये धर्मांतराचा विचार मांडताना ख्रिस्ती किंवा मुसलमान होण्याने अस्पृश्य समाज राष्ट्रीय प्रवाहापासून तुटेल अशी काळजी व्यक्त केली होती, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बुद्धाचा मार्ग घेतला. त्याआधीच, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली, तेव्हा तिच्यात फक्त हिंदू धरले गेले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. धर्म बदलला की जात गेली, असं त्यामागचं गृहीतक. पण गावात ती जात नाही, हे शिरूर-नगरच्या कोणत्याही ख्रिस्ती वस्तीत विचारून पाहावं. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर नवा आयोग नेमला.

तोवर मुलाच्या शिक्षणासाठी दाखल्यावर एक धर्म लिहायचा आणि रविवारी दुसऱ्या धर्माच्या उपासनेला बसायचं, अशी दुहेरी नोंद कितीतरी मराठी घरांत चालू आहे. श्रीपत शेषाद्रीला जातीत परत घ्यायचं की नाही यावर १८४३ मध्ये शास्त्री भांडले, आता तेच भांडण तहसील कचेरीतल्या खिडकीवर आलं आहे. महारवाड्यातला येशूभक्त जितका ख्रिस्ती आहे तितकाच तिथला आहे, तितकाच मराठी आहे, आणि जातीचा जो काच त्याच्या आजोबाने सोसला तो त्यालाही सोसावा लागतो. या सगळ्या गोष्टी एकाच दाखल्यावर खऱ्या लिहिता याव्यात, एवढी त्याची मागणी आहे, आणि ती मान्य व्हायला हवी.